‘प्रोव्हायडेड’ म्हणजे पुरवलेलं: अकरावी सायन्समध्ये अडकलेल्या एका मुलीचं प्रकरण

देवगड-मालवण पट्ट्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात मी फिजिक्स शिकवते. हे प्रकरण २०२३ च्या जूनपासून २०२५ च्या अखेरीपर्यंतचं आहे. मुलीला आणि घरच्यांना विचारूनच लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत. घरी आणि वाडीत तिला सगळे ‘बाय’ म्हणतात, इथेही तेच म्हणू.

पार्श्वभूमी

बायची वाडी खाडीच्या मुखाजवळ, आमच्या गावापासून २७ किलोमीटरवर. वडील दुसऱ्याच्या ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोट चालवणारे प्रमुख. आई मार्च ते मे आंब्याच्या बागेत पेट्या भरायला जाते, एरवी घर आणि परसातली भाजी बघते. घरात आजी आहे आणि सातवीतला भाऊ. मुंबईकर काका नालासोपाऱ्याला असतात. घरातल्या मोठ्या निर्णयांत त्यांचा शब्द चालतो, आणि वेळ पडली तर पैसाही तेच काढतात.

या घरांचं पैशाचं गणित बाहेरच्या माणसाच्या लवकर लक्षात येत नाही. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. तांडेलाला महिन्याचा पगार नसतो, वाटा असतो, त्यामुळे बोट किनाऱ्याला लागली की वाटाही थांबतो. आणि अकरावीचा प्रवेश, पुस्तकं, गणवेश, छत्री, बूट हे सगळं नेमकं याच दोन महिन्यांत येतं. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे हा मोठा आधार. तो नसता तर बाय आमच्या कॉलेजपर्यंत पोचलीच नसती.

दहावीचा निकाल २ जून २०२३ ला लागला. कोकण विभाग ९८.११ टक्के, राज्यात पहिला. हे आमच्याकडे दरवर्षीचंच आहे, आणि त्याचा अभिमानही आहे. बायला ८९.४० टक्के पडले. वाडीत पेढे वाटले गेले. काकांनी फोनवरूनच सांगितलं, ‘सायन्सला घाला.’ वडील म्हणाले, ‘चेडू हुशार असा.’ प्रवेशाचा अर्ज भरायला तिच्या शाळेतले सर स्वतः आले होते. त्यांनाही दुसरं काही सुचलं नाही. खरं सांगायचं तर मलाही सुचलं नसतं.

अडचण कशी कळली

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मी एककं शिकवत होते. दहावीतलं काही आठवतं का बघावं म्हणून विचारलं, पृथ्वीची एस्केप व्हेलॉसिटी किती? वर्ग गप्प. तिसऱ्या बाकावरची बाय वहीत बघत बसलेली. मी सहज मराठीत विचारलं, ‘मुक्तिवेग?’ माझं वाक्य पुरं व्हायच्या आत ती म्हणाली, ‘११.२ किलोमीटर प्रति सेकंद.’ आणि लगेच मान खाली घातली.

मी ‘शाब्बास’ म्हटलं आणि पुढे गेले. या प्रकरणातली माझी पहिली चूक तीच. हातात दोरीचं टोक आलं होतं, ते मी सोडलं.

ऑगस्टअखेरीस पहिली घटक चाचणी झाली. २५ पैकी फिजिक्समध्ये ६, केमिस्ट्रीत ७, गणितात ४. मराठीत मात्र २२. उत्तरपत्रिकेवर पालकांची सही आणायला सांगितलं तर चार दिवस ती आलीच नाही. पाचव्या दिवशी आली ती सही घेऊन. ती सही तिच्याच अक्षरातली होती. मी तिला स्टाफरूममध्ये बोलावलं. रागवायचंच ठरवून बोलावलं होतं.

पण आधी वही मागितली, आणि राग तिथेच विरला. फळ्यावरचं अक्षरन् अक्षर उतरवलेलं होतं. समासात पेन्सिलीने बारीक अक्षरांत मराठी शब्द होते: अॅक्सिलरेशनपुढे त्वरण, डिस्प्लेसमेंटपुढे विस्थापन, मोमेंटमपुढे संवेग. सगळे बरोबर. दहावीचं मराठी पुस्तक शेजारी घेऊन तिने स्वतः जोडलेले. म्हणजे मुलगी कष्टाळू होती, आणि विषय तिला परका नव्हता.

मग मी तिला चाचणीतला एक प्रश्न वाचून अर्थ सांगायला सांगितलं. चेंडू तिरका फेकला आहे, तो किती लांब पडेल ते काढा, असा साधा प्रश्न. शेवटी लिहिलं होतं, ‘प्रोव्हायडेड दॅट द एअर रेझिस्टन्स इज नेग्लिजिबल.’ म्हणजे हवेचा रोध नगण्य धरला तर. तिने या ओळीखाली रेघ मारून उत्तर अर्धंच सोडलं होतं. का सोडलंस विचारलं, तर म्हणाली, ‘मॅडम, हवेचो रोध पुरवलो हा म्हणतत, पण किती ता दिल्यानी नाय.’

तिच्याकडच्या छोट्या शब्दकोशात ‘प्रोव्हायडेड’ म्हणजे ‘पुरवलेले’ असंच होतं. ‘नेग्लिजिबल’ तर त्यात नव्हतंच. हवेचा रोध पुरवलाय, पण त्याचं माप दिलेलं नाही, म्हणून गणित सुटणार नाही. तिच्या वाचण्याप्रमाणे तिचा विचार अगदी शास्त्रशुद्ध होता.

थोडं थांबून ती पुढे म्हणाली, ‘माका फिजिक्स कळता, इंग्लिश कळणा नाय.’

त्या दुपारी मी कार्यालयात जाऊन तिची दहावीची गुणपत्रिका काढून पाहिली. मराठी ९०, हिंदी-संस्कृत ९१, गणित ८४, विज्ञान ९१, सामाजिक शास्त्रं ९१. बेरीज ४४७, म्हणजेच ८९.४०. आणि इंग्रजीत ५८. दहावीची टक्केवारी सहापैकी सर्वांत चांगल्या पाच विषयांवर निघते. ज्या विषयात ती कच्ची होती तोच तिच्या टक्केवारीतून गळाला होता, आणि पुढची दोन वर्षं तिला त्याच विषयाच्या भरवशावर काढायची होती. तिची शाळा पूर्ण मराठी माध्यमाची. सेमी-इंग्रजीचा वर्ग तिथे कधी निघालाच नव्हता, त्यामुळे विज्ञान आणि गणित इंग्रजीतून वाचायची ही तिची पहिलीच वेळ होती. पेढे वाटताना ५८ हा आकडा कुणाच्याच डोळ्यांत आला नव्हता. प्रवेशाच्या वेळी गुणपत्रिका तपासून घेणाऱ्या आमच्याही नाही.

घरच्यांनी मांडलेले पर्याय

मी घरी फोन केला तेव्हा प्रश्न ‘सायन्स ठेवायचं की सोडायचं’ असाच विचारला गेला. पुढचे पंधरा दिवस सगळे त्याच प्रश्नाचं उत्तर शोधत होते.

काकांचा पर्याय कोल्हापूरचा. तिथल्या एखाद्या क्लासला घालायचं, वसतिगृहात ठेवायचं, नीटची, म्हणजे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची, तयारी करून घ्यायची. पैसे ते कर्ज काढून देणार होते. माणूस मनापासून बोलत होता, पुतणीने डॉक्टर व्हावं ही त्यांची जुनी इच्छा. पण तो क्लासही इंग्रजीतूनच शिकवणार, दुप्पट वेगाने, आणि ती घरापासून लांब. जिथे अडलं होतं तिथेच ती जास्त पैसे भरून अडणार होती.

दुसरा पर्याय माझ्याच मनात होता, आणि तो मी जवळजवळ बोलूनही दाखवला होता: आर्ट्स किंवा कॉमर्स. अर्थशास्त्र, इतिहास, भूगोल मराठीतून शिकता येतात. मुलगी हुशार आहे, वर येईल. हा सल्ला चुकीचा नाही, अनेकांसाठी तोच योग्य असतो. पण बायला जीवशास्त्र खरोखर आवडत होतं. माशाचे कल्ले कसे काम करतात ते तिने मला लहानपणापासून मासळी साफ करत आलेल्या हातांनी समजावलं होतं. तिला सायन्समधून काढायचं तर कारण तरी नीट हवं.

तिसरा पर्याय मालवणच्या शासकीय तंत्रनिकेतनात डिप्लोमाचा. तो दहावीच्या गुणांवर मिळतो, पण सप्टेंबरात ती दारं बंद झालेली. पुढच्या जूनची वाट बघायची तर एक वर्ष हातचं जाणार. शिवाय बारावी सायन्स पास झाल्यावर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, म्हणजे हा रस्ता नंतरही उघडा राहणार होता. म्हणून तो बाजूला ठेवला.

चौथा पर्याय कुणी उच्चारत नव्हतं, पण तोच सर्वांत जवळ होता: बायने हळूहळू येणं बंद करायचं. चार दिवस ती त्याचीच तालीम करून आली होती.

गणपतीतली बैठक

१९ सप्टेंबरला गणेशचतुर्थी होती. काका-काकू आले होते. तिसऱ्या दिवशी मी वाडीवर गेले. ओटीवर माटवी बांधलेली, आतून भजनाच्या पेटीचा सूर जुळवणं चाललेलं. काळ्या वाटाण्याचं सांबार आणि आंबोळ्या समोर आल्या आणि मगच बोलणं सुरू झालं.

काका म्हणाले, ‘मॅडम, आता सायन्स सोडलं तर लोक म्हणतील झेपलं नाही. पोरीच्या मनाला कायमचं लागेल.’ त्यात तथ्य होतं. वडील म्हणाले, ‘तुमी सांगा, मॅडम.’ एवढंच. बाय दाराआड उभी होती.

मी गुणपत्रिका काढली, इंग्रजीचा आकडा दाखवला, पर्याय मांडू लागले. तेवढ्यात आई पाण्याचा तांब्या ठेवून म्हणाली, ‘आमका सायन-आर्ट काय कळणा नाय. ता खय अडकता, तितक्या सांगा.’

ती नेमकी कुठे अडते, हे पंधरा दिवसांत कुणी विचारलं नव्हतं. मी पर्याय बाजूला ठेवले आणि ‘प्रोव्हायडेड’चा किस्सा सांगितला. मग बायला बाहेर बोलावलं. पुस्तकाचं एक पान तिने सगळ्यांसमोर वाचलं आणि अडलेल्या शब्दांखाली रेघा मारल्या. त्यात शास्त्राचा एकही शब्द नव्हता. ‘हेन्स’, ‘व्हेअरअॅज’, ‘रिस्पेक्टिव्हली’, ‘नेग्लिजिबल’, ‘डिड्यूस’ असले जोडकामाचे शब्द होते. पारिभाषिक शब्द मुलं महिन्याभरात घोकतात, त्यांची यादी पुस्तकातच असते. हे मधले शब्द कुणी शिकवत नाही, कारण ते सगळ्यांना येतातच असं आम्ही धरून चालतो.

आजी मध्येच म्हणाली, ‘सकाळी नुसती चाय पिवन जाता आणि तिनसांजेक येवन जेवता.’ सगळे गप्प झाले. वस्तीची गाडी पहाटे ५.५० ला सुटते. कॉलेज ७.३० ते १२.४०. परतीची गाडी ४.१५ ला. १२.४० पासून सव्वाचारपर्यंत बाय स्टँडवरच्या बाकावर बसून असायची, उपाशी. डबा का नेत नाहीस, तर पहाटे पाचला आईला उठवायचं जिवावर येतं. आईला वाटत होतं, कॉलेजात कँटीन असेल.

तिथे ठरलं ते असं. शाखा आत्ता बदलायची नाही आणि कोल्हापूरही नाही. दिवाळीच्या सुट्टीआधी ५० गुणांची पहिली सत्र परीक्षा आहे, तोवरचे साधारण सहा आठवडे इंग्रजीवर काम करायचं. फिजिक्स आणि केमिस्ट्री दोन्हींत १८ च्या वर गेली तर सायन्समध्ये राहायचं. नाही गेली, तर दिवाळीनंतर शाखा बदलायची, आणि तेव्हा तिला कुणी ‘झेपलं नाही’ म्हणायचं नाही. हे शेवटचं मी काकांकडून सगळ्यांसमोर कबूल करून घेतलं. नापास झाल्यावर काय होईल हे आधीच माहीत असलं की मूल मोकळेपणाने प्रयत्न करतं, हे मी वर्गात अनेकदा पाहिलं आहे.

प्रत्यक्ष काय केलं

स्टँडवरचे ते तीन-साडेतीन तास हीच आमची पुंजी होती. ग्रंथपालांनी वाचनालय चारपर्यंत उघडं ठेवायचं कबूल केलं. डबा रात्रीच भरून ठेवायचा ठरलं, भाकरी आणि सुकं काहीतरी. पहिल्यांदा पोटात अन्न, मग अभ्यास. पहिल्या आठवड्यात मी तिला एवढंच विचारत होते: डबा खाल्लास?

कामाची पद्धत साधी होती. रोज फिजिक्सचं किंवा बायोलॉजीचं एकच पान, मोठ्याने वाचायचं. अडलेल्या शब्दाखाली रेघ, पण शब्दकोश लगेच उघडायचा नाही. आधी वाक्याचा अर्थ काय असावा ते मालवणीत सांगायचं. ही अट माझ्या इंग्रजीच्या सहकारी मॅडमनी घातली, आणि ती फार मोलाची ठरली. प्रमाण मराठीतसुद्धा बाय जपून बोलते. मालवणीत तिचा विचार सुटा होतो. ‘हेन्स’ला ‘म्हणान’ आणि ‘व्हेअरअॅज’ला ‘पण ह्या मात्र’ असे तिचे स्वतःचे शब्द तयार झाले, आणि ते एका शंभर पानी वहीत उदाहरणाच्या वाक्यासकट लिहिले गेले. पान संपल्यावर त्यावर इंग्रजीत चार वाक्यं लिहायची, चुकली तरी चालतील.

सहकारी मॅडमनी प्रश्नपत्रिकांतल्या हुकूम देणाऱ्या क्रियापदांचा एक तक्ताही करून दिला: स्टेट, डिराइव्ह, ऑब्टेन, डिस्टिंग्विश, जस्टिफाय. ‘स्टेट’ला एक वाक्य पुरतं, ‘डिराइव्ह’ला पायऱ्या लागतात. बाय ‘स्टेट’ला दीड पान लिहायची आणि ‘डिराइव्ह’ला नुसतं सूत्र. तक्ता लागल्यावर तिचे काही गुण नुसते तेवढ्यानेच वाढले.

मी वर्गात एक बदल केला. प्रत्येक नवा इंग्रजी शब्द फळ्यावर आला की एकदा त्याचा मराठी शब्द मोठ्याने म्हणायचा. अर्धा मिनिट जातो. ऑक्टोबरात वाचनालयात बायच्या शेजारी आणखी दोन मुली येऊन बसायला लागल्या.

सत्र परीक्षेत तिला फिजिक्समध्ये ५० पैकी २१, केमिस्ट्रीत २४, बायोलॉजीत २९ पडले. गणितात ९.

दुसरा निर्णय: गणित

सायन्स राहिलं, पण गणिताचं काय, हा दिवाळीतला प्रश्न. इथे अडचण भाषेची नव्हती. बीजगणिताचा पाया नववीपासूनच कच्चा होता, आणि तो भरून काढायला वेळ नव्हता.

आम्ही दोन गोष्टी तपासल्या. तिचा ओढा जीवशास्त्राकडे, म्हणजे पुढे फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी या गटातूनच जायचं. आणि एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेशपरीक्षेत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीचे प्रश्न मराठीतून घेता येतात, गणिताचा पेपर मात्र इंग्रजीतच असतो. तिथे चुकीच्या उत्तराला गुणही कापले जात नाहीत. हे कळल्यावर बायचा चेहरा पहिल्यांदा सैल झालेला मी पाहिला. गणित सोडून भूगोल घ्यायचं ठरलं. अर्ज कार्यालयातून पुढे गेला, मंजुरी यायला बराच काळ लागला, तोवर ती दोन्ही विषयांना बसत होती. मी तिला म्हटलं, ‘झालं, गणित सुटलं एकदाचं.’ हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्याकडे यायचं आहे.

अकरावीचा उरलेला भाग सरळ गेला. एप्रिलात आंब्याचा हंगाम आणि वार्षिक परीक्षा एकत्र आल्या, संध्याकाळी आईबरोबर पेट्यांत पेंढा घालून मग ती अभ्यासाला बसायची. अकरावी पास झाली.

बारावीत सर्वांत जास्त धावपळ कागदपत्रांची झाली. ती इतर मागासवर्ग प्रवर्गातली. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागासवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ झालं. पण त्यासाठी प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून हवा आणि कागद पुरे हवेत. जात वैधता, नॉन क्रिमीलेयर, उत्पन्न, अधिवास. वैधतेचा अर्ज आम्ही बारावीच्या सुरुवातीलाच पाठवला. पणजोबांच्या शाळेच्या दाखल्यासाठी वडिलांना तीन खेपा घालाव्या लागल्या, सुदैवाने त्या पावसाळ्यात बोट बंद होती. निकाल लागल्यावर हे काम सुरू करणाऱ्या मुलांची प्रवेशाच्या वेळी जी तारांबळ उडते ती मी दरवर्षी बघते. हे एक काम आम्ही वेळेत केलं.

निकाल

बारावीचा निकाल ५ मे २०२५ ला लागला. कोकण विभाग ९६.७४ टक्के, पुन्हा राज्यात पहिला. बायला ६०० पैकी ४०१: फिजिक्स ५८, केमिस्ट्री ६१, बायोलॉजी ७१, इंग्रजी ५७, मराठी ७९, भूगोल ७५. टक्केवारी ६६.८३. दहावीच्या ८९.४० शेजारी हा आकडा ठेवून वाडीतल्या एका दोघांनी हळहळ व्यक्त केली. मला तो दहावीच्या आकड्यापेक्षा जास्त खरा वाटतो, कारण यातला एकही विषय गळलेला नाही.

सीईटीत पर्सेंटाइल पंचाहत्तरीच्या आसपास आलं. बी.फार्म.च्या, म्हणजे फार्मसीच्या पदवीच्या, प्रवेशफेऱ्या लांबल्या. पहिल्या फेरीत हवं ते कॉलेज मिळालं नाही, पुढच्या फेरीत जिल्ह्याबाहेरचं एक मिळालं. शिक्षण शुल्क माफ झालं, वसतिगृहाचा आणि खानावळीचा खर्च मात्र घरूनच. तो आता आंब्याचा हंगाम आणि काका मिळून उचलतात. कोल्हापूरच्या क्लाससाठी काका जे कर्ज काढणार होते ते काढावं लागलं नाही, याचं आईला सर्वांत जास्त समाधान आहे.

काय वेगळं करता आलं असतं

सर्वांत आधी, वेळ. जुलैत ‘मुक्तिवेग’ ऐकूनही मी सप्टेंबरपर्यंत थांबले. आता मी पहिल्याच आठवड्यात सगळ्या वर्गाला पुस्तकाचं एक पान देते आणि न कळलेल्या शब्दांखाली रेघ मारायला सांगते. गुण देत नाही, नावही लिहून घेत नाही. त्या पानांवरच्या रेघा बघितल्या की पुढचा महिना कसा शिकवायचा ते कळतं. प्रवेशाच्या वेळीही टक्केवारीच्या आधी इंग्रजीचा आकडा बघते.

नीटच्या बाबतीत मी चुकले असं मला वाटतं. काकांच्या कोल्हापूरच्या बेताला विरोध करताना मी नीटचा विषयच घरातून हद्दपार केला. नीटची प्रश्नपत्रिका तेरा भाषांत असते, मराठीतही असते. क्लास न लावता, कर्ज न काढता तिला नुसती परीक्षा देऊन बघता आली असती. डॉक्टर झाली असती असं मी म्हणत नाही. पण अर्ज भरायचा की नाही हे तिने ठरवायला हवं होतं, आणि ते मी ठरवलं.

तिसरी गोष्ट लिहिताना जड जातं. बायच्या मागच्याच बाकावर एक मुलगा होता. तसाच मराठी शाळेतला, चाचणीत तसेच गुण. तो गणपतीला आलेल्या मामाबरोबर मुंबईला गेला तो परत आलाच नाही. एका गोदामात कामाला लागला असं नंतर कळलं. त्याची वही मी कधी मागितली नव्हती. बायने चार दिवस दांडी मारली, खोटी सही केली, म्हणून तरी ती माझ्या डोळ्यांत आली. तो रोज येत होता, गप्प बसत होता, म्हणून राहून गेला. गेल्या वर्षी मी त्याला फोन केला. बारावी बाहेरून देता येते, सतरा नंबरचा फॉर्म असतो, हे सांगितलं. बघतो म्हणाला. मी पुन्हा फोन करणार आहे.

आणि गणित. फार्मसी कौन्सिलच्या अभ्यासक्रमात, बारावीला गणित नसलेल्यांना पहिल्याच सत्रात रेमेडियल मॅथेमॅटिक्स हा विषय असतो. हे मला माहीत नव्हतं. दिवाळीत मी ‘सुटलं एकदाचं’ म्हटलं होतं ते चूक होतं. गणित सोडण्याचा निर्णय मी आजही बदलणार नाही, पण ते पुढे कुठे भेटू शकेल याची चौकशी करून मग तिला सांगायला हवं होतं. बारावीनंतरच्या रिकाम्या तीन-चार महिन्यांत तिचा थोडा पाया तरी भरून घेता आला असता.

वसतिगृहात गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात तिचा फोन आला. ‘मॅडम, गणित परत इला.’ मला वाटलं रडेल, पण आवाज ठीक होता. रात्री तिने पुस्तकाच्या एका पानाचा फोटो पाठवला, पार्शल फ्रॅक्शनचं, म्हणजे आंशिक अपूर्णांकांचं, पहिलं पान. ‘प्रॉपर’ आणि ‘इम्प्रॉपर’ या दोन शब्दांखाली पेन्सिलीची रेघ होती. समासात तिने आधी लिहिलं होतं, ‘इम्प्रॉपर = अयोग्य’. मग ते खोडून खाली लिहिलं होतं, ‘अयोग्य नाही. अंशाधिक.’

मी ‘बरोबर’ असं उत्तर पाठवलं, आणि सुट्टीत येताना ते पुस्तक घेऊन ये म्हणून सांगितलं.